सास्सिकाया घ्यायची म्हणता? आधी एवढं बघून घ्या

इटलीची तिकिटं निघाली की काही वाचकांचे ठरलेले प्रश्न येतात. ‘सास्सिकाया आणायची आहे, पण दुकानात त्याच इस्टेटीच्या तीन बाटल्या दिसतात. एक तीस युरोला, एक पन्नासला, एक तीनशेला. फरक काय?’ ‘मुलीच्या जन्मवर्षाची बाटली तिच्या लग्नापर्यंत ठेवली तर टिकेल का?’ ‘पुण्यात ओळखीच्या ओळखीतून एकजण निम्म्या भावात देतोय, घेऊ का?’ यातल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथंच देऊन टाकतो: घेऊ नका. का, ते पुढे येईल. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र एका वाक्यात मावणारी नाहीत.

आधी नाव नीट वाचा

सास्सिकाया हे वाइनचं नाव. ती जिथे बनते त्या इस्टेटीचं नाव तेनूता सान ग्विदो. तोस्कानाच्या समुद्रकिनाऱ्याला बोल्गेरी नावाचं छोटं गाव आहे. किनाऱ्यापासून मागच्या टेकड्यांपर्यंत ही इस्टेट पसरली आहे. द्राक्षमळे हा तिचा एक छोटा भाग. बाकी जंगल, शेती, घोड्यांची कुरणं आणि पाणथळ जमीन. तिथून तीन लाल वाइन बाजारात येतात आणि तिन्ही बाटल्यांवर इस्टेटीचं नाव असतं. गोंधळ होतो तो त्यामुळेच.

- सास्सिकाया: सुमारे ८५ टक्के काबर्ने सोव्हिन्यों आणि १५ टक्के काबर्ने फ्राँ ही द्राक्षं. फ्रेंच ओकच्या २२५ लिटरच्या पिंपांत साधारण दोन वर्षं मुरते. लेबलवर निळ्या वर्तुळात आठ टोकांचा सोनेरी तारा. ताज्या वर्षाची बाटली इटलीत ढोबळमानाने अडीचशे ते साडेतीनशे युरोंना पडते.
- ग्विदाल्बेर्तो: २००० सालच्या पिकापासून सुरू झाली. काबर्ने सोव्हिन्योंबरोबर मोठा वाटा मेर्लोचा. पंचेचाळीस ते साठ युरो.
- ले दिफेझे: २००२ पासून. काबर्ने आणि तोस्कानाची आपली सांजोव्हेझे. पंचवीस-तीस युरो.

काही दुकानदार ग्विदाल्बेर्तोला ‘छोटी सास्सिकाया’ म्हणून विकतात. ऐकून सोडून द्या. सास्सिकायात मेर्लो नसतेच, त्यामुळे ग्विदाल्बेर्तो म्हणजे सास्सिकायाची उरलीसुरली पिंपं असा अर्थ लावण्यात काही हशील नाही. ती वेगळी, लवकर पिण्यासाठी केलेली वाइन आहे आणि तिच्या किमतीला चोख आहे.

लेबलवर ‘बोल्गेरी’ दिसलं म्हणून ती सास्सिकाया, असंही नाही. ओर्नेलाया, ग्वादो आल तास्सो, ग्रात्तामाक्को, ले माक्किओले ही सगळी शेजारपाजारची, मातब्बर पण वेगळी घराणी. तिन्यानेल्लोचं नाव याच दमात घेतलं जातं, पण ती किआंती क्लासिको भागातली आणि मुख्यतः सांजोव्हेझेची. या सगळ्यांना मिळून ‘सुपर टस्कन’ म्हणतात. हा शब्द कायद्यात कुठे नाही. त्यावरून दर्जाही ठरत नाही आणि भावही.

‘डीओसीच आहे, डीओसीजी नाही’: काळजी करावी का?

नको. इटलीत वाइनच्या वर्गवारीची उतरंड आहे. वर डीओसीजी, मग डीओसी, मग आयजीटी आणि तळाला साधी टेबल वाइन. सास्सिकाया डीओसी आहे, ग्विदाल्बेर्तो आणि ले दिफेझे आयजीटी आहेत. ही वर्गवारी प्रदेश, द्राक्षाच्या जाती आणि पद्धत यांचे नियम पाळले की नाही एवढंच सांगते. किती चांगली, ते सांगत नाही.

याचा पुरावा खुद्द सास्सिकायाच. मार्केझे मारिओ इंचीझा देल्ला रोक्केत्ता यांना ही जमीन पत्नी क्लारिचे देल्ला गेरार्देस्का यांच्याकडून आली. बोर्दोसारखी वाइन आपल्याकडे करून बघावी म्हणून १९४४ मध्ये त्यांनी काबर्नेची कलमं लावली. गावकऱ्यांच्या मते हे सरदारी खूळ होतं. समुद्राजवळच्या या भागातून भारी लाल वाइन कधी आली नव्हती. १९४८ ते १९६७ पर्यंतची वाइन घरातच प्यायली गेली. १९६८ चं पीक पहिल्यांदा विक्रीला निघालं, ते १९७१ मध्ये. भाचे पिएरो आंतिनोरी आणि वाइनतज्ज्ञ जाकोमो ताकिस यांचा त्यात मोठा हात होता. १९७८ मध्ये लंडनला ‘डिकँटर’ मासिकाने जगभरच्या काबर्ने झाकून चाखायला दिल्या, तेव्हा १९७२ ची सास्सिकाया पहिली आली. आणि तेव्हा तिच्या लेबलवर काय लिहिलं होतं? ‘विनो दा ताव्होला’, म्हणजे टेबल वाइन. बोल्गेरीच्या नियमांत तिला बसवणारी जागाच नव्हती. ती जागा १९९४ मध्ये झाली आणि २०१३ मध्ये ‘बोल्गेरी सास्सिकाया’ अशी स्वतंत्र डीओसी मिळाली. एकाच इस्टेटीपुरती असलेली डीओसी, हा इटलीतला अपवाद.

हा इतिहास सांगायचं कारण तो बाटली तपासायला उपयोगी पडतो:

- १९९४ च्या आधीच्या पिकावर ‘टेबल वाइन’ लिहिलेलं असेल तर ते बरोबर आहे. उलट १९८५ च्या बाटलीवर ‘डीओसी’ दिसलं तर खाली ठेवा.
- १९६८ च्या आधीचं वर्ष लिहिलेली बाटली कोणी विकत असेल तर प्रश्न विचारत बसू नका, निघा.
- २००० च्या आधीची ग्विदाल्बेर्तो आणि २००२ च्या आधीची ले दिफेझे अस्तित्वातच नाही.

(मारिओ महाशयांचं पहिलं प्रेम घोडे होते, हे रेसकोर्सवर जाणाऱ्यांना सांगायलाच हवं. फेदेरिको तेसियो यांच्याबरोबरच्या त्यांच्या तबेल्यातला रिबो १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षं पॅरिसची आर्क शर्यत जिंकला आणि आयुष्यात एकही शर्यत हरला नाही.)

तुम्ही ती घ्यावी का?

तुम्ही वरचेवर लाल, कोरडी वाइन पीत असाल, घरात ती नीट ठेवायची सोय असेल आणि तीस हजार रुपयांच्या आसपासचा खर्च एका संध्याकाळवर करताना हात थरथरणार नसेल, तर जरूर घ्या. सास्सिकाया अंगावर येणारी वाइन नाही. पहिल्या घोटात डोळे विस्फारतील अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांची ती निराशा करते. तरुणपणी ती आखडलेली, तुरट आणि काहीशी अबोल असते. काळं फळ, देवदाराचं लाकूड, ओल्या झुडपांचा वास हे सगळं सावकाश पुढे येतं.

गोडसर वाइनची सवय असेल तर आधी नाशिकची एखादी चांगली काबर्ने दोन-तीनदा पिऊन बघा. तो तुरटपणा आवडला तर ग्विदाल्बेर्तो घ्या. तीही आवडली तर मग सास्सिकायाकडे वळा. एका सास्सिकायाच्या पैशांत पाच-सहा ग्विदाल्बेर्तो येतात आणि माझ्या मते बहुतेक वाचकांनी तोच सौदा करावा.

भेट म्हणून द्यायची असेल तर घेणारा ती उघडेल की शोकेसमध्ये दिव्याखाली उभी करून ठेवेल, याचा अंदाज घ्या. दुसरी शक्यता असेल तर ले दिफेझे पुरे.

गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांना थेटच सांगतो, घरी ठेवून नको. लंडनसारख्या ठिकाणी शुल्कमुक्त गोदामांतल्या पेट्यांचा बाजार आहे, पण तिथे बाटलीपेक्षा तिच्या साठवणुकीच्या कागदाला किंमत असते. शिवाय भारतात परवान्याशिवाय मद्य विकणं हा गुन्हा आहे, मग ती तुमचीच बाटली का असेना.

कोणतं वर्ष?

नवं पीक साधारण तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला बाजारात येतं. २०२१ ची सास्सिकाया २०२४ च्या आरंभी आली. म्हणजे जन्मवर्षाची बाटली हवी असेल तर बाळ अडीच-तीन वर्षांचं होईपर्यंत थांबावं लागेल. आधी कोणी ‘बुकिंग’ घेत असेल तर पावती, दुकानाचा परवाना आणि माल कधी देणार, हे लेखी घ्या.

१९८५ ही दंतकथा आहे आणि तिचा भावही दंतकथेसारखाच. २०१५ च्या पिकाला ‘वाइन स्पेक्टेटर’ने २०१८ सालची सर्वोत्तम वाइन ठरवलं, २०१६ च्या पिकाला ‘वाइन अॅडव्होकेट’ने पैकीच्या पैकी गुण दिले. दोन्ही वर्षं खरोखर उत्तम, पण त्या गुणांची किंमत तुम्हीच मोजता. २००२ आणि २०१४ ही थंड, पावसाळी वर्षं. त्यांना गुण कमी, भावही तुलनेने नरम आणि तयारही लवकर होतात. लवकर उघडून प्यायची असेल तर मी २०१४ हातात घेईन आणि शंभर गुणांची बाटली फडताळात राहू देईन.

साधारण हिशोब असा ठेवा: पिकापासून आठ-दहा वर्षांनी ती बोलायला लागते, चांगल्या वर्षाची पंचवीस वर्षं आणि पुढेही सहज जाते. हे सगळं ती थंड, अंधाऱ्या जागी आडवी राहिली तर.

बोल्गेरीला जाणार असाल तर

पिसाहून दक्षिणेला गाडीने साधारण तासभर. रेल्वेने कास्तान्येतो कार्दुच्ची-दोनोरातिको स्टेशनवर उतरून पुढे टॅक्सी. जुन्या आउरेलिया रस्त्यावर सान ग्विदोचं छोटं प्रार्थनाघर लागतं आणि तिथून बोल्गेरीपर्यंत दोन्ही बाजूंना सुरूच्या झाडांची सरळसोट रांग जाते, जवळपास पाच किलोमीटर. नोबेल मिळालेले कवी जोझुए कार्दुच्ची यांनी ही झाडं इटलीतल्या शाळाशाळांत पोचवली. रस्ता संपतो तो विटांच्या लाल वाड्याच्या कमानीत. कमानीतून आत गेलं की गाव म्हणजे दोन-तीन गल्ल्या आणि त्यात वाइनची दुकानं. दारात खडूने लिहिलेल्या फळ्यावर आज कोणती वाइन पेल्याने मिळते ते दिसतं.

हा फळा बघा. चाखण्यापुरता, अगदी मोजका पेला सास्सिकायाचाही मिळू शकतो. अख्ख्या बाटलीचा निर्णय त्या पेल्यावर सोडा. शेजारी ग्विदाल्बेर्तोचा पेला मागवलात तर फरक कोणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

इस्टेटीचं तळघर बघायचं असेल तर आयत्या वेळी दारात उभं राहून उपयोग नाही. काही आठवडे आधी ईमेलने विचारा आणि नकाराचीही तयारी ठेवा. पक्षी बघणाऱ्यांनी इस्टेटीतल्या पाणथळ भागाची चौकशी करावी. १९५९ मध्ये मारिओंनीच तो राखीव करायला लावला आणि इटलीतलं ते पहिलं खासगी अभयारण्य मानलं जातं. हिवाळ्यात तिथे बदकं, बगळे उतरतात.

गाडी चालवणाऱ्याने चाखू नये. इटलीत मर्यादा रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम आहे, आणि परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य.

खरेदी करताना

- वर्ष, नग आणि वाइनचं पूर्ण नाव लिहिलेलं छापील बिल घ्या. पुढे सीमाशुल्क, विमा, तक्रार, सगळीकडे तेच लागतं.
- शक्यतो क्रेडिट कार्डाने पैसे द्या. परदेशातल्या दुकानाविरुद्ध इथल्या ग्राहक आयोगात फारसं काही हाती लागत नाही. बँकेकडे व्यवहारावर हरकत घेणं हाच त्यातल्या त्यात चालणारा मार्ग.
- बाटली कुठे ठेवलेली आहे ते बघा. खिडकीत, उन्हात उभी असेल तर ‘आतली द्या’ म्हणा. भारी दुकानात असं म्हणायला संकोच वाटतो. वाटू देऊ नका.
- वाइनची पातळी, मान आणि बूच बघा. वाइन मानेत पुरेशी वरपर्यंत असावी, आवरणावर चिकट ओघळ नसावा, बूच वर आलेलं नसावं.
- भारतात राहणाऱ्यांना इटलीतल्या २२ टक्के व्हॅटमधून परतावा मिळतो. एका दुकानातलं बिल ७० युरोंच्या वर हवं (२०२४ पर्यंत ही मर्यादा दीडशेच्या वर होती) आणि पैसे देतानाच पासपोर्ट दाखवून ‘टॅक्स फ्री’ कागद मागायचा. मध्यस्थ कंपनीचा आकार कापून हाती येतं ते २२ टक्क्यांपेक्षा बरंच कमी. बाटली सामानात जाणार असल्याने विमानतळावर आधी सीमाशुल्काचा शिक्का किंवा ऑनलाइन मंजुरी, मग बॅग जमा. उलटा क्रम केलात आणि अधिकाऱ्याने बाटली दाखवा म्हटलं, तर दाखवायला तुमच्याकडे काही नसेल.

नकली बाटली: इथे सवड काढा

ऑक्टोबर २०२० मध्ये इटलीच्या ग्वार्दिया दी फिनान्झा या आर्थिक पोलिसांनी नकली सास्सिकायाची एक टोळी पकडली. आतली वाइन सिसिलीची, बाटल्या तुर्कस्तानातल्या, लेबलं, पेट्या आणि वेष्टणं बल्गेरियात केलेली. २०१० ते २०१५ ही वर्षं छापली होती आणि गिऱ्हाईक रशिया, चीन, कोरियाकडचं. पेटीतला पातळ कागदसुद्धा अस्सलबरहुकूम केलेला. नुसत्या नजरेने ओळखणं दुकानदारांनाही जड गेलं असतं. फक्त एक गोष्ट ओरडून सांगत होती: भाव. बाजारभावाच्या एका तुकड्यात ती विकली जात होती.

म्हणून बाटलीपेक्षा ती कुणाच्या हातून आली ते तपासा.

- विकणाऱ्याकडे इस्टेटीच्या अधिकृत वितरकाकडून घेतल्याचं बिल आहे का? ‘माझा मित्र विमान कंपनीत आहे’ हे बिल नव्हे.
- भारतात विकली जाणारी आयात बाटली असेल तर मागच्या बाजूला आयातदाराचं नाव, पत्ता, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक, आरोग्याचा इशारा आणि एमआरपी असलीच पाहिजे. ती पट्टी नसेल तर बाटली अस्सल असो वा नकली, चोरवाटेने आलेली आहे, आणि घेणारे तुम्हीही अडचणीत येता.
- व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा फोटो बघून पैसे पाठवू नका. एकच फोटो अनेक ठिकाणी फिरत असतो.
- जुन्या वर्षाची बाटली घेताना ती आजवर कुठे-कुठे होती, ते विचारा. उत्तर देताना विकणारा चिडला, तर तेच उत्तर.

इटलीत घेतलेली बाटली संशयास्पद वाटली तर तिथे ११७ हा ग्वार्दिया दी फिनान्झाचा क्रमांक आहे.

भारतात आणताना

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत, तेव्हा एकेक करून.

प्रौढ प्रवाशाला मद्य आणायची सवलत २ लिटरची. बाटली ७५० मिलिलिटरची, म्हणजे दोन बाटल्या आरामात, तिसरी मर्यादेबाहेर. या २ लिटरांत मुंबईत उतरल्यावर ड्युटी फ्री दुकानात घेतलेली व्हिस्कीही धरली जाते. नवरा-बायको असाल तर दोघांना स्वतंत्र सवलत, पण दोघांच्या मिळून पाच बाटल्या, एकाच्या बॅगेत तीन आणि दुसरीच्या दोन, असा हिशोब चालत नाही. सवलत एकमेकांना देता येत नाही.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट पुढेच आहे. २ लिटर ही प्रमाणाची मर्यादा झाली. किमतीची मर्यादा वेगळी असते आणि ती तुमच्या सगळ्या नव्या खरेदीला मिळून असते. पंधरा युरोच्या दोन वाइन आणताना तिचा कधी संबंध येत नाही. दोन सास्सिकाया आणि वर एखादी चामड्याची पर्स असेल तर नक्की येतो. ही रक्कम बदलत असते, म्हणून निघण्याआधी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर ताजा आकडा बघा. मर्यादा ओलांडत असाल तर लाल वाहिनीतून जा आणि बिल पुढे करा. वाइनवरचा आयातकर दीर्घकाळ दीडशे टक्क्यांच्या घरात राहिला आहे, त्यामुळे तिसरी बाटली ‘होऊन जाईल’ म्हणून आणू नका.

बाटली जमा केलेल्या बॅगेतच ठेवा. केबिनमध्ये बहुतेक विमानतळांवर १०० मिलिलिटरच्या वरचा द्रव चालत नाही. वाइनमधलं अल्कोहोल २४ टक्क्यांच्या खाली असल्याने विमान कंपनीची ५ लिटरची मर्यादा तिला लागत नाही, पण भारतात उतरल्यावर २ लिटरची लागतेच. हवेच्या फुग्यांची पिशवी किंवा जाड स्वेटर, बॅगेच्या मधोमध, कडेपासून चार बोटं आत. दुकानदार ‘घरी पाठवतो’ म्हणाला तरी कुरिअरचा नाद सोडा. आयातकर, राज्याचे परवाने आणि कुरिअरवाल्यांचे नियम यांच्यात बाटली गोदामात महिनोन्महिने तापत बसते.

घरी आल्यावर राज्याचा कायदा. महाराष्ट्रात मद्य बाळगायला, न्यायला आणि प्यायला परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं. गोव्यात स्वस्त पडते म्हणून तिथून आणणाऱ्यांना सीमा ओलांडताना वाहतुकीचा परवाना लागतो. गुजरात किंवा बिहारमध्ये उतरणार असाल तर हा बेतच करू नका.

परदेशस्थ वाचकांसाठी: युरोपीय संघातल्या देशात राहत असाल तर स्वतःपुरती नेण्यात अडचण नाही, आणि तिथल्या ऑनलाइन दुकानातून तयार माल मागवलात तर तो चौदा दिवसांत परत करायचा हक्क आहे. ब्रिटनला १८ लिटर वाइन शुल्काविना नेता येते, अमेरिकेत साधारण एक लिटर.

इथल्या हॉटेलात मागवताना

किंमत दुकानापेक्षा कितीतरी जास्त असेल. हॉटेलला एमआरपीचं बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण बाकीचे हक्क शाबूत आहेत.

बाटली तुमच्यासमोर आणून, वर्ष दाखवून, मगच उघडली पाहिजे. मेनूवर २०१६ आणि हातात २०१८ असेल तर उघडू देऊ नका. ‘तीच आहे हो’ हे उत्तर नाही. पहिला घोट ‘आवडली का’ यासाठी नसतो, बिघडलेली नाही ना यासाठी असतो. पावसात भिजलेल्या रद्दीसारखा कोंदट वास आला तर बुचाचा दोष आहे. अशी बाटली परत करणं हा तुमचा हक्क आहे, आणि चांगलं हॉटेल कुरकुर न करता ती बदलतं. नुसती आवडली नाही म्हणून मात्र परत करता येत नाही.

बिल आलं की दोन ओळी बघा. मद्यावर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो. वाइनसकट सगळ्या रकमेवर जीएसटी लावला असेल तर दुरुस्त करून घ्या. दुसरी ओळ सेवाशुल्काची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये ते आपोआप बिलात लावण्याला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका कायम ठेवली. पन्नास हजारांच्या बाटलीवर दहा टक्के म्हणजे पाच हजार. काढायला सांगा, मग मनाला येईल ती बक्षिसी वेटरच्या हातात द्या. ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

घरी ठेवणं आणि उघडणं

बाटलीला हवी ती १२ ते १५ अंशांची स्थिर, अंधारी जागा. नागपूरचा मे किंवा मुंबईचा ऑक्टोबर तिला सोसत नाही. स्वयंपाकघरातलं वरचं फडताळ ही घरातली सर्वांत वाईट जागा. वाइनचं खास कपाट नसेल तर फ्रिजच्या खालच्या खणात आडवी ठेवा आणि काही महिन्यांत पिऊन टाका. मुलीच्या लग्नापर्यंत ठेवायच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे: वाइन टिकेल, पण वीस-पंचवीस वर्षं अखंड चालणारं कपाट आणि वीज तुमच्याकडे आहे का, ते आधी बघा. नसेल तर तिच्या लग्नाच्या वर्षी त्या जन्मवर्षाची बाटली खात्रीच्या ठिकाणाहून घेणं जास्त शहाणपणाचं, महाग पडली तरी.

पिताना १६ ते १८ अंश. ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला तिकडच्या दगडी घरांचा आहे. आपल्याकडे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच काढा. दहा वर्षांच्या आतली बाटली रुंद भांड्यात ओतून दोन तास ठेवा. वीसच्या वरची असेल तर आदल्या दिवशी उभी करा, गाळ खाली बसू द्या, सावकाश ओता आणि लगेच प्या. जुनं बूच तुटतं, त्यासाठी दोन पात्यांचा ओपनर बरा.

जेवणाचं म्हणाल तर तिकडे ती जाड, आतून लाल राहिलेल्या बिस्तेक्का म्हणजे स्टेकबरोबर किंवा रानडुकराच्या मांसाबरोबर पितात. घरी कमी तिखट भाजलेलं मटण, मशरूम, मुरलेलं चीज चालेल. तांबड्या रश्श्याबरोबर देऊ नका. तिखटाने तुरटपणा भडकतो आणि दोन्ही वाया जातात. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवस.

आणि रिकामी बाटली भंगारात तशीच टाकू नका. भारी वाइनच्या अस्सल रिकाम्या बाटल्यांना नकली माल भरणाऱ्यांकडे गिऱ्हाईक असतं. आठवण म्हणून ठेवायची नसेल तर लेबल भिजवून काढा किंवा खिळ्याने त्यावर आडव्या रेघा ओढा, आणि बूच वेगळं टाका.